पूर्वेकडे वळवलेली खुर्ची

प्रिय म्बोक पुतु,

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीची गोष्ट लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की बापांचं तोंड मी तपासलं, आणि त्यांचे दात आपल्या इथल्या सगळ्या माणसांसारखेच आहेत, काळजीचं काही नाही. ते बरोबर नव्हतं. मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. पण त्या दिवशी मी त्यांना स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवून मोबाईलच्या उजेडात त्यांची दुखरी दाढ तेवढी पाहिली होती. खालची, मागची, उजवीकडची. पुढचे दात मी पाहिलेच नव्हते. 'तपासलं' हा शब्द मी वापरायला नको होता, इतकी वर्षं शिकून आल्यावर तर नकोच होता. पुढच्या दातांबद्दल मला आता जे कळलंय ते या पत्रात लिहिते आहे. ते तुझ्याशी संबंधित आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून ठेवू नकोस.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर बापांचा विषय निघाला की तुझ्याकडे लगेच मालिशचं गिऱ्हाईक येतं. आठ वर्षं तिकडे परदेशात, अंताल्यातल्या लोकांच्या पाठी नेमक्या त्याच वेळी कशा दुखायला लागतात, याचं तुझ्या आईला, मेमेला, मोठं नवल वाटतं. "तिकडे माणसं राहतात की पिठाचे गोळे? जरा उसंत नाही, सारखी मळून घेतात," असं म्हणून ती हसते, फोन माझ्या हातात देते आणि अंगण झाडायला जाते. अंगण तेव्हा झाडलेलंच असतं. म्हणून हे कागदावर लिहून तुझ्याबरोबर काम करणाऱ्या वायन सुदियानीच्या हाती पाठवते आहे. तिची रजा संपली, ती परवा निघेल. तिला बजावून सांगितलंय की तुझ्या हातातच द्यायचं, आणि तुझं काम संपल्यावर द्यायचं.

आधी चांगली बातमी. परवाना आला. मनिलाहून पदवी घेऊन आले तेव्हा वाटलं होतं, आता शिकणं संपलं. पण परदेशातून शिकून आलेल्याला इथे पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं: पुन्हा परीक्षा, पुन्हा देनपासारच्या रुग्णालयात दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहणं, आणि माझ्याहून लहान मुलांनी "फिलिपिनो दातांना मुळं किती असतात हो?" असं चिडवणं. तेही झालं. रस्त्याकडच्या ज्या खोलीत तुझं शिवणयंत्र असायचं, तिथे आता माझी खुर्ची आहे. यंत्र विकलेलं नाही, मेमेच्या खोलीत झाकून ठेवलंय. खुर्ची सुराबायाहून आणली. जुनी आहे, पण वर-खाली होते, हवी तितकी मागे कलते, आणि तिचा दिवा चांगला आहे. पाटी रंगवून झाली आहे, पण मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत सारखं दिसलं की मला धडधडतं. पलीकडच्या केर्तीआजी रोज गाल धरून दारात येतात. "दुकान उघडत नाहीस तर खिडकीतून तरी बघ की गं. दाढ माझी आहे, परवानगी मी देते." या खोलीतलं सगळं तू लोकांच्या पाठी रगडून उभं केलंस, हे मी विसरलेले नाही. तू म्हणशील, पुरे. बरं, पुरे.

बापांच्या आजाराबद्दल लिहिलं होतं त्यात मात्र काही दुरुस्ती नाही. गाठ अन्ननलिकेत आहे, आणि ती काढता येण्यासारखी नाही. पातळ भाताची पेज जाते, तीही थांबत थांबत. आडवं झालं की घशात येतं, म्हणून ते अंगणातल्या उघड्या बालेच्या खांबाला उशी लावून बसूनच झोपतात. डॉक्टर म्हणाले की पुढचा गलुंगनचा सण ते पाहतील असं वाटत नाही. बापा ते ऐकून म्हणाले, "बरं झालं. या वर्षी दारात बांबू उभा करायचे कष्ट वाचले." मेमे त्यांच्यावर इतकी चिडली की दिवसभर बोलली नाही. पण पेज वेळेवर आणून ठेवत होती, आणि ती फुंकून गार केलेली असायची.

आता मागचं थोडं लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी दंतवैद्य झाले ती मनिलात नाही, आपल्याच घरात झाले. मला अक्षरं यायच्या आधी दात मोजता येत होते. बापा सांगिंग, विधीत दात घासणारे, म्हणून आपलं लहानपण लोकांच्या दात-विधींच्या घरांत गेलं. आठवतं ना? पिवळ्या-पांढऱ्या वस्त्रांत ओळीनं झोपवलेली मुलं-मुली, त्यांचे हातपाय धरून बसलेल्या मावश्या, आणि बापा मांडी घालून, कानावर फूल खोचून, कानस हातात घेऊन बसलेले. वरचे सहा दात, चार पुढचे आणि दोन सुळे, एका रेषेत आणायचे, म्हणजे माणसातले सहा रिपू बोथट होतात. तू थोरली म्हणून पिवळा नारळ धरायचीस, घासलेल्या दातांची पूड त्यात थुंकायची असायची. मी पंखा हलवायचे. एकदा एका मुलीनं नारळात थुंकायच्या ऐवजी तुझ्या हातावर थुंकलं, आणि तू मंत्र चालू असताना "ई!" म्हणून ओरडलीस. बापांनी मान वर न करता म्हटलं होतं, "पुतु, तो तिचा क्रोध आहे. धुऊन टाक, नाहीतर तुला चिकटेल." बायका हसून हसून बेजार झाल्या. तेव्हा बापाही हसले. पण तोंड मिटून. ते नेहमीच तोंड मिटून हसायचे, आणि मिटलेल्या तोंडात सुपारी असायची. आपल्याला ते साधंच वाटायचं. सगळ्यांच्या बापांचं काही ना काही असतं.

आणि ते दुसरंही लिहायला हवं. तू माझ्यावर रागावशील, तरी लिहिते. गेदे आर्तावानशी तुझं ठरलं तेव्हा त्याच्या आईचं एकच म्हणणं होतं की मुलीच्या दातांना कानस लागलेली असावी. गैर काहीच नव्हतं, सगळ्यांच्याच घरी तसं असतं. त्यांनी तर असंही सुचवलं की लग्नाच्याच दिवशी आमच्या अंगणात उरकून घेऊ, तयारी आम्ही करतो, तुमच्या वडिलांनी फक्त हात लावावा. बापा म्हणाले, "आत्ता नाही." का नाही, ते सांगेनात. दुसऱ्या सांगिंगला बोलवू म्हटलं तर त्यालाही नाही. तीन वेळा ते लोक आले, तीन वेळा बापांनी सुपारीचं तबक पुढे केलं आणि तेच उत्तर दिलं. मग गेदेच्या आईनं बाजारात म्हटलं ते वाक्य, जे तुझ्या कानावर माझ्याआधी आलं: पंचक्रोशीतल्या पोरांना कानस लावणारा माणूस पोटच्या मुलीला लावत नाही, तर ती पोटची आहे का ते त्या माणसाला विचारा. तू बाजारातून तशीच आलीस आणि अंगणात सगळ्यांसमोर बापांना विचारलंस, "मी तुमची आहे की नाही, तेवढं सांगा." मेमे चुलीपाशी होती. बापा तुझ्याकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते गप्प बसणं मी अजून विसरले नाही, तर तू कशी विसरशील? गेदेचं लग्न दुसरीकडे झालं आणि तू विमानात बसलीस.

आता खुर्चीचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सुराबायाचा माणूस ती जमिनीत घट्ट बसवून गेला. बापांनी खोलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पहिलं गिऱ्हाईक मी. फुकट." त्यांना खुर्चीत बसवलं. मी पायानं बटण दाबलं, खुर्ची वर जायला लागली तसे ते लहान मुलासारखे खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. "देक, थांब, छत लागेल!" मी त्यांना अर्धवट मागे कलवलं, आडवं नाही, आणि विचारलं, घशात काही येतंय का. ते म्हणाले, "अगं, या खुर्चीत मला बालेपेक्षा बरं वाटतंय. इथेच झोपतो." तोंड कोरडं पडून त्यांच्या जिभेवर पांढरा थर आला होता, तो पुसायचा होता. तो पुसला. मग मनात आलं, दातांवरचा सुपारीचा थर पण काढावा. किती वर्षांचा तो थर, काळा, दगडासारखा, सगळ्या पुढच्या दातांवर जाड साचलेला. हाताला काम हवंच होतं. दिवा लावला, मुखपट्टी बांधली, हत्यार घेतलं. थर खपल्यांसारखा निघायला लागला. आधी मधले दोन, मग बाजूचे. मग डावा सुळा.

म्बोक, मनिलात मी किती तोंडं पाहिली असतील, कुणास ठाऊक. तिथे शिकणाऱ्यांना रोगी स्वतःच शोधून आणावे लागतात. गल्लीगल्लीत "कुणाची दाढ दुखते का हो?" असं विचारत मी हिंडलेय. त्या तोंडांत आणि आपल्या लोकांच्या तोंडांत काय फरक असतो, ते मला डोळे मिटूनही कळेल. आपल्या माणसाचा सुळा सपाट असतो, शेजारच्या दातांच्या रेषेत. म्हातारपणी दात झिजतात, पण ते तिरके झिजतात, आणि कानस सरळ चालते. बापांच्या सुळ्यावरून ती काळी खपली निघाली आणि खाली टोक होतं. अख्खं, जसं आलं तसं. मी दुसरा सुळा पाहिला. तोही तसाच. मला आधी वाटलं की माझीच काही चूक होतेय, म्हणून मी छोटा आरसा पुसून पुन्हा पाहायला गेले. तेव्हा बापांनी माझं मनगट धरलं. जोर नव्हता हाताला. दिवा त्यांच्या डोळ्यांवर होता म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "आता दिसलं ना? मग दिवा बंद कर."

त्यांनी ते मला एका बैठकीत नाही सांगितलं. घास जातो तसं सांगितलं, थोडं आत, मग थांबणं, मग थोडं. आपल्या आजोबांना पासष्टच्या त्या कत्तलीच्या वाईट वर्षी लोक घरातून घेऊन गेले आणि ते परत आले नाहीत, एवढं आपल्याला माहीत होतं. बापा तेव्हा चार वर्षांचे. त्यांना वाढवलं चुलत्यांनी, पेकाक राईंनी. ते सांगिंग होते. बापा चौदा वर्षांचे झाले तेव्हा त्या घरात एकदम सहा चुलत भावंडांचा दात-विधी निघाला आणि बापा सातवे. पिवळं वस्त्र नेसवलं, फुलं माळली, रांगेत शेवटी बसवलं. सहा जण झाले. तेवढ्यात घरातल्या थोरल्या बाईंनी आठवण काढली की याच्या बापाचा देह सापडलेला नाही, अंत्यविधी झालेला नाही. बापाचा आत्मा असा वाऱ्यावर असताना मुलाच्या दातांना कानस कशी लावायची? पेकाक राईंनी कानस खाली ठेवली. म्हणाले, "तुझं नंतर, तुझ्या बापाचं झालं की." आणि कुणाला वाईट दिसू नये म्हणून त्यांनी बापांना बाकीच्या सहांबरोबरच बाहेर आणलं. त्याच वस्त्रात, त्याच फुलांत. विधीनंतर चाखतात ते सहाही रस त्यांच्याबरोबर दिले. अंगणातल्या लोकांनी सात मुलं मोजली. "कडू रस मला इतरांपेक्षा जास्तच कडू लागला," बापा म्हणाले, आणि हसले. या वेळी तोंड उघडं ठेवून.

पुढे आजोबांचा विधी झाला, लाकडाची प्रतिमा करून. पण तोवर सगळ्यांच्या लेखी बापांचे दात झालेले होते. पेकाक राईंनाच फक्त माहीत होतं, आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. विसरले, की लाजले, हे बापांना कधी कळलं नाही. ते बापांना हाताखाली घेऊन शिकवत होते, आणि मरायच्या आधी सगळ्या गावासमोर त्यांनी हत्यारांची पेटी बापांच्या मांडीवर ठेवली. ज्याच्या दातांना कानस लागलेली नाही त्यानं दुसऱ्याला लावायची नसते, हे बापांना तेव्हाही ठाऊक होतं. मी विचारलं, "मग त्याच वेळी नाही का म्हणालात?" तर म्हणाले, "नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, देक." सुपारी त्यांनी त्याच महिन्यात धरली. पुढे जितक्या मुलांना कानस लावली तितकं बोलणं अवघड होत गेलं. कारण आता प्रश्न एकट्या त्यांचा राहिला नव्हता. त्यांच्या हाताखालून गेलेली किती माणसं लग्नं होऊन आजोबा-आज्या झाली, काही चितेवरही गेली. कानस न लागलेल्याला वर पूर्वजांत जागा नाही म्हणतात, म्हणून बापांनी मला विचारलं, "ती गेलेली माणसं वर पोचली असतील का गं?" मी त्यांच्या ओठांना मध लावला.

आता तुझं. मी त्यांना सरळ विचारलं, म्बोक. इतकी वर्षं विचारायला घाबरले, ते विचारलं. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहिते, एकही शब्द बदललेला नाही. "परक्यांच्या पोरांपुढे मी नुसता हात होतो. तिच्यापुढे मी बाप म्हणून बसलो असतो. बाप म्हणून बसायचं तर आपलं तोंड स्वच्छ हवं. माझ्या हातून तिला खोटी कानस लागली असती आणि ती खरी समजून जन्मभर जगली असती. दुसऱ्या सांगिंगला बोलवावं तर त्याच्या रांगेत आधी मुलीच्या बापाला बसवून आशीर्वाद देतात, तोंड उघडायला सांगतात. मला वाटलं, थोडे दिवस ढकलू, काही मार्ग निघेल." मार्ग निघाला नाही. तू निघून गेलीस. अंगणात तू विचारलंस तेव्हा ते काय बोलणार होते, तेही मी विचारलं. म्हणाले, "माझीच आहेस म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न 'मग का नाही' हाच आला असता." मी त्यांच्यावर रागावले. आजारी माणसावर रागावू नये, तरी रागावले. मी म्हणाले, एका वाक्यासाठी तुम्ही तिचं सगळं जाऊ दिलंत. त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली. तू त्यांना माफ कर असं मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही.

मला रात्रंदिवस एकच भीती होती: ते असेच गेले तर? जिवंतपणी राहून गेलेला विधी मेल्यावर करतात, ते आपण दोघींनी एकदा पाहिलंय, आणि तू त्यानंतर दोन दिवस जेवली नव्हतीस. बापांच्या थंड ओठांना कुणी तसा हात लावलेला मला चालणार नाही, आणि तेव्हा तर सगळ्या गावाला ते टोक दिसेल. म्हणून मी त्यांची परवानगी घेऊन डोंगराखालच्या ग्रियात, पुरोहितांच्या वाड्यात गेले, म्हाताऱ्या पेदांदांकडे. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. बाई सगळं ऐकेपर्यंत फुलं खुडत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नातवाला कानस लावणाऱ्याचे स्वतःचे सुळे शाबूत! तरीच नातू इतका तापट निघाला." मला हसावं की पाया पडावं ते कळेना. मी गेलेल्या माणसांचं विचारलं, बापांचा प्रश्न. त्या म्हणाल्या, "मंत्र झाले, नारळ पुरला, माणसं गेली. आता त्यांना परत बोलावून तोंड उघडायला सांगू का? जिवंत आहे त्याचं बघ." बापांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही. पण त्या दिवशी पेज दोनदा घेतली.

अडचण एकच उरली होती. बापांना आडवं होता येत नाही, आणि विधी तर झोपवून करायचा. मी घाबरत घाबरत खुर्चीचं सांगितलं. पेदांदांनी विचारलं, "ती खाली-वर होते म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, "होते, रातु." "मग मला बघायचीच आहे. तिचं तोंड पूर्वेला ठेव." खुर्चीचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला होतं. कोमांग मिस्त्रीला बोलावून ती जमिनीतून सोडवली, पुन्हा छिद्रं पाडली आणि वळवून बसवली. तो सारखा म्हणत होता, "डॉक्टर, कोण खुर्ची अशी लावतं? थुंकायचं भांडं भिंतीला लागतंय. पेशंट थुंकणार कुठे?" मी म्हटलं, बघू नंतर. भांडं मी काढूनच ठेवलंय. थुंकायला नारळ असेल. आणि म्बोक, नारळाचं मी मेमेला काहीच बोलले नव्हते. बापांचं तिला काय माहीत आहे हे मी विचारलेलं नाही, विचारायचं धाडसही नाही. पण परवा ती विहिरीपलीकडच्या पिवळ्या माडाखाली उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "कोवळे दोन लागतील की तीन, तेवढं सांग. वर चढणाऱ्याला एकदाच बोलवायचं म्हणते."

मी तिला तीन सांगितले. आता हे पत्र का लिहिलं ते लिहिते. त्या दिवशी खोलीचं दार लावून पेदांदा आधी बापांच्या दातांना कानस लावतील. प्रत्येक दातावर थोडीच, तीन-तीन वेळा; दाताला इजा होणार नाही, हे मी साच्यावर करून पाहिलंय. शपथ घेऊन आले आहे मी, धड दाताला हत्यार लावायचं नाही म्हणून, त्यामुळे मला ते करून पाहिल्याशिवाय झोप आली नसती. मग दार उघडेल, बापा खुर्चीच्या या बाजूला बसतील, आणि खुर्चीत तू. तुझ्या दातांना कानस त्यांनाच लावायची आहे, सगळ्यांसमोर, बाप म्हणून. मी त्यांना म्हटलं होतं की हे लोकांना सांगायचं नाही. ते म्हणाले, "आणि पुतुला?" मी म्हटलं, पुतुला सांगायचं. ते म्हणाले, "तिलाच तर सांगायचं होतं." त्यांचा हात थरथरतो. पेरूच्या फांदीचा तुकडा धरून आम्ही रोज सकाळी सराव करतो: कानस त्यांच्या बोटांत, आणि मनगट खालून माझ्या हातात. जमतंय. तुला टोचणार नाही. माझे दात तुझ्यानंतर, त्यांच्यात बळ उरलं तर. नाही उरलं तर माझा नारळ मेमे देवाला वाहील, मला वाईट वाटणार नाही. मला ठाऊक आहे, तिकडे हा ऐन हंगाम आहे आणि मालकीण रजा देणार नाही. हेही ठाऊक आहे की तू या कागदाचे तुकडे करशील तर तो तुझा हक्क आहे. तू नाही आलीस तरी बापांचं आम्ही करू, आणि दार उघडल्यावर तुझ्या वेळेला खुर्ची रिकामी ठेवू. तिच्यावर माझ्याआधी कुणी बसणार नाही, केर्तीआजीही नाही. पाटी मी त्यानंतरच लावणार आहे. पेदांदांनी काढून दिलेला दिवस आहे वुकु मातल, बुधवार, क्लिवॉन. तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन जुलै.

तुझीच धाकटी,
देक